विविधता आणि आंतरसांस्कृतिक संवादाचं प्रशिक्षण: आधी प्रसंग, मग सभागृह

नवी मुंबईतल्या ऐरोली-महाप्याच्या आयटी पार्कात, तुर्भे-रबाळ्याच्या कारखान्यांत आणि ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या छोट्या युनिटांत विविधतेची प्रशिक्षणं बहुधा एकाच क्रमाने ठरतात. आधी तारीख, मग सभागृह, मग प्रशिक्षक, मग जेवण. नेमकं शिकवायचं काय, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. तोवर वेळ उरलेला नसतो, म्हणून प्रशिक्षक त्याच्याकडच्या तयार स्लाइड दाखवतो, लोक टाळ्या वाजवतात आणि सोमवारी कँटीनमध्ये तेच टेबल, तेच टोमणे.

हा क्रम बदलायचा कसा, ते इथे टप्प्याटप्प्याने मांडलं आहे. एचआरमधली मंडळी, प्लांटचे ट्रेनिंग ऑफिसर आणि ज्यांच्या गळ्यात हे काम पहिल्यांदाच पडलं आहे असे टीम लीड यांच्यासाठी हा लेख आहे. एका तुकडीमागे पाच-सहा आठवडे तयारी, एक दिवस सत्र आणि तीन महिने पाठपुरावा धरा. पुढच्या शुक्रवारी सत्र उरकायचंच असेल तर ते पुढे ढकला. घाईतल्या सत्राने लोकांचं मत बनतं की ‘हे दरवर्षीचं आहे’, आणि मग पुढच्या सत्रालाही ते तोच चेहरा घेऊन बसतात.

## टप्पा १: हे प्रशिक्षणाचं काम आहे का?

तुमच्या कानावर जे काही आलं आहे ते एका कागदावर लिहा आणि तीन ढिगांत वाटा.

तक्रार. कुणाला जातीवरून हिणवलं, कुणाच्या अंगचटीला गेलं, कुणाच्या अपंगत्वाची नक्कल केली. यावर चौकशी हाच मार्ग आहे. लैंगिक छळाची बाब असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे जायचं. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत ही समिती असावीच लागते. तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची आणि चौकशीची ९० दिवसांची. ‘आपण सगळ्यांसाठीच एक सत्र ठेवू’ असं म्हणून तक्रार सभागृहात विरघळवणं हा तक्रार करणाऱ्यावर दुसरा अन्याय आहे.

व्यवस्था. सुरक्षेची सूचना फक्त इंग्रजीत लावली आहे. रात्रपाळीला बाईमाणसासाठी जवळ स्वच्छतागृह नाही. व्हीलचेअर दारापर्यंत येते आणि तीन पायऱ्यांपाशी थांबते. इथे लोकांना संवेदनशील करून काही होणार नाही. पाटी बदला, उतार बांधा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करण्याची तरतूद आहे. ते तुमच्याकडे कागदावर तरी आहे का, तेही याच टप्प्यावर बघून घ्या.

कौशल्य. उरतं ते सगळं इथे येतं. सांगितलं एक, समजलं दुसरंच. गप्प बसण्याचा अर्थ होकार धरला. सहज म्हणून विचारलेला प्रश्न समोरच्याला टोचला. प्रशिक्षण याच ढिगासाठी असतं.

तपासणी: तिसऱ्या ढिगात दोन-तीनच गोष्टी असतील आणि पहिले दोन भरलेले असतील, तर सत्राचा खर्च थांबवा. आधी ते दोन ढीग उपसा.

आणखी एक. लैंगिक छळ प्रतिबंधाची जागृती कार्यशाळा ही मालकावर कायद्याने टाकलेली वेगळी जबाबदारी आहे. ती आणि हे प्रशिक्षण एकाच दुपारी दोन तासांत कोंबू नका. कायदा काय सांगतो हे शिकवण्याची पद्धत निराळी आणि माणसं एकमेकांना कसं ऐकतात हे शिकवण्याची निराळी.

## टप्पा २: प्रसंग गोळा करा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पुढचं सगळं याच टप्प्यावर उभं राहतं, आणि नेमका हाच टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो.

कुणाशी बोलायचं? गेल्या सहा महिन्यांत रुजू झालेल्यांशी, कारण त्यांना अजून सगळं खटकतं. राजीनामा देऊन नोटीस पीरियडवर असलेल्यांशी, कारण ते मोकळेपणी बोलतात. आणि कंत्राटी माणसांशी: सिक्युरिटी केबिन, हाउसकीपिंगच्या मावशी, कँटीनवाले, कॅबचे ड्रायव्हर. कोण कुणाशी कसं बोलतं हे यांना सगळ्यांत आधी कळतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. पंधरा-वीस जणांशी प्रत्येकी वीस मिनिटं पुरतात.

कुठे? एचआरच्या केबिनमध्ये मुळीच नाही. पाळी बदलताना चहाच्या टपरीवर, लोडिंग बेच्या कडेला, कंपनीच्या बसथांब्यावर. फोनवर रेकॉर्डिंग करू नका. ऑनलाइन फॉर्मने सुरुवात करू नका. फॉर्म भरणाऱ्याला कायम वाटतं की आपलं नाव कुठेतरी दिसतंच.

काय विचारायचं? ‘तुम्हाला इथे भेदभाव जाणवतो का?’ या प्रश्नाला जवळपास प्रत्येक जण ‘नाही साहेब, सगळं छान आहे’ म्हणतो. त्याऐवजी असं विचारा:

- नव्या माणसाला इथे कोणती गोष्ट कुणी सांगत नाही, चुकल्यावरच कळते?
- गेल्या महिन्यात असं कधी झालं का, की तुम्ही सांगितलं एक आणि समोरच्याने केलं भलतंच?
- कोणत्या मीटिंगमध्ये तुम्ही तोंड उघडत नाही?
- डबा कुणाबरोबर खाता, आणि कुणाबरोबर बसायचं टाळता?

चौथा प्रश्न साधा वाटतो, पण सगळ्यांत जास्त प्रसंग त्यातून निघतात. घणसोली, दिवा, गोठिवलीसारख्या गावांतली आगरी-कोळी मुलं सुकट-बोंबलाचा डबा जिन्यात बसून खातात, कारण मायक्रोवेव्हपाशी एकदा कुणीतरी नाक दाबलं होतं. ज्या गावांच्या शेतजमिनींवर नवी मुंबईचे हे नोड, म्हणजे आखून वसवलेले भाग, उभे राहिले, त्या गावांतल्या मुलांना त्याच भागातल्या ऑफिसात डबा लपवावा लागतो. मला हे फार लागतं.

या पट्ट्यात पुन्हा पुन्हा हाती येणारे आणखी काही प्रसंग देते, म्हणजे काय शोधायचं याचा अंदाज येईल. मराठी सुपरवायझर मराठीच्या सवयीने, आदरानेच, हिंदीत ‘तुम’ म्हणतो. लखनौकडच्या ज्येष्ठ सहकाऱ्याला तो उर्मटपणा वाटतो. टीममधले चौघे मराठीत बोलून हसतात आणि शेजारच्या तमिळ मुलीला वाटतं की हसणं आपल्यावर आहे. त्याच टीममधला जळगावचा मुलगा इंग्रजी अडखळतं म्हणून रिव्ह्यूमध्ये गप्प बसतो आणि ‘त्याच्यात पुढाकार नाही’ असा शेरा मिळवतो. मणिपूरच्या मुलीला तिसऱ्यांदा विचारलं जातं, ‘तू मूळची कुठली?’ नव्या माणसाने नुसतं नाव सांगितलं तर आडनाव कळेपर्यंत चौकशी थांबत नाही. ६ डिसेंबरची रजा मागितली तर ‘तो काय सण आहे का?’ असं ऐकावं लागतं. रमजानात उपास सोडायची वेळ आणि पाळी बदलायची वेळ एकच येते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, त्यामुळे एकदा केलेला रोस्टर पुढच्या वर्षी चालत नाही, पण कुणी तो उघडून बघत नाही.

कसं लिहायचं? प्रत्येक प्रसंग सहा-सात ओळींत. जे डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच. ‘तो उद्धटपणे म्हणाला’ हे चालणार नाही. तो काय म्हणाला तेच शब्द लिहा. नंतर खाते, महिना, स्त्री-पुरुष, गाव बदला. बदललेला मजकूर सांगणाऱ्याला दाखवा आणि त्याने हो म्हटलं तरच वापरा.

सावधान: अंतर्गत समितीपुढे आलेली कोणतीही तक्रार, नाव बदलूनसुद्धा, प्रसंग म्हणून घेऊ नका. २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारीचा आणि चौकशीचा मजकूर उघड करायला मनाई आहे. दोनशे माणसांच्या प्लांटमध्ये नाव बदलून काही लपत नाही.

तपासणी: बारा-पंधरा कच्च्या प्रसंगांतून पाच-सहा निवडा. प्रत्येक वेळी दोषी एकाच समाजाचा, एकाच भाषेचा किंवा एकाच खात्याचा निघत असेल तर तुमचं गोळा करणं एकांगी झालं आहे. परत जा, आणखी चौघांशी बोला.

## टप्पा ३: हेतू डोळ्यांना दिसेल असा लिहा

‘कर्मचाऱ्यांमध्ये विविधतेविषयी जागरूकता निर्माण करणे’ हे वाक्य जवळपास प्रत्येक फाइलमध्ये सापडतं. जागरूकता आली की नाही हे कसं बघणार? हेतू असा लिहा की तिसऱ्या माणसाला तो उभ्या उभ्या दिसेल:

‘कामाची सूचना दिल्यावर सुपरवायझर “समजलं का?” असं न विचारता, काय करणार आहेस ते सांग, असं म्हणून सूचना कामगाराकडून परत वदवून घेईल.’

किंवा: ‘मीटिंगमध्ये न बोललेल्या माणसाला टीम लीड शेवटी नाव घेऊन विचारेल आणि हवं त्या भाषेत उत्तर द्यायची मुभा देईल.’

असे तीनच हेतू ठेवा. चौथा सुचला तर पुढच्या तुकडीसाठी राखा.

## टप्पा ४: तुकडी, भाषा, जागा, तारीख

तुकडी सोळा ते वीस जणांची. साहेब आणि त्याच्या थेट हाताखालची माणसं एका तुकडीत नकोत. पहिली तुकडी कायम सुपरवायझर आणि टीम लीड यांची. खालच्यांना आधी शिकवलं तर ते नवीन काहीतरी करून बघतात, वरून हटकलं जातं आणि विषय तिथेच संपतो.

‘प्रत्येक तुकडीत एक महिला, एक मुस्लिम, एक दिव्यांग’ अशी समान वाटणी करू नका. एकट्या पडलेल्या माणसाला दिवसभर आपल्या समाजाचा प्रवक्ता व्हावं लागतं. दोन तुकड्यांत अजिबात नसतील तरी चालेल, पण असतील तिथे दोघं-तिघं असू द्या.

भाषा आधी विचारा. शॉप फ्लोअरवर हिंदी-मराठी मिसळ चालते, आयटीत इंग्रजी-हिंदी. कोणती भाषा चालणार हे बोलावण्यातच लिहा. हातात द्यायचा कागद एका पानाचा आणि देवनागरीत. कर्णबधिर सहकारी असेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषी किमान महिनाभर आधी ठरवा. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत दुभाषांचा अभ्यासक्रम चालतो, चौकशी तिथून सुरू करता येईल. पूर्ण दिवसाला दोन दुभाषे लागतात, कारण ते आळीपाळीने काम करतात. एकालाच दिवसभर राबवलं की दुपारनंतर भाषांतर गळायला लागतं.

जागा कंपनीतलीच बरी. हॉटेलच्या हॉलमध्ये माणसं पाहुण्यासारखी वागतात. खुर्च्या पाच-पाचच्या घोळक्यात मांडा, रांगा नकोत. जेवणात जैन, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांवर स्पष्ट पाट्या लावा.

तारखेचं म्हणाल तर गणपती, छठ, रमजान, नाताळ, ६ डिसेंबर आणि महिनाअखेरचं क्लोजिंग टाळा. जुलैच्या मध्यावर ठेवू नका. ट्रान्स-हार्बर लाइन पाण्याने अडली की पनवेल आणि ठाण्याकडचे लोक अकराला पोचतात आणि सकाळचा पाया हुकतो. रात्रपाळी करून आलेल्याला सकाळी दहाला बसवणं तर निर्दयपणाच आहे.

तपासणी: बोलावण्याचा ईमेल कंत्राटी कामगारांपर्यंत पोचतो का? बहुतेकांना कंपनीचा ईमेलच नसतो. कंत्राटदाराला लेखी कळवा आणि त्या दिवसाची हजेरी पूर्ण लागेल हे आधी पक्कं करा. मजुरी कापून कुणी आदर शिकत नाही.

## टप्पा ५: प्रशिक्षक निवडताना

तीन प्रश्न विचारा. आमचे प्रसंग वाचून तुम्ही सत्र बदलाल का? सभागृहात कुणी एखाद्या समाजाबद्दल घाणेरडं बोललं तर तुम्ही नेमकं काय म्हणाल? सहा आठवड्यांनी पुन्हा याल का?

दुसऱ्या प्रश्नावर ‘असं कधी होत नाही’ असं उत्तर आलं तर त्यांना नमस्कार करा आणि पुढे शोधा. ‘जपानी लोक असे, जर्मन तसे, उत्तर भारतीय असे’ अशा याद्या विकणाराही नको. ठोकळे फोडायला बोलावलेला माणूस नवे ठोकळे देऊन जातो. शक्य असेल तर बाहेरचा एक आणि आतला एक अशी जोडी करा. आतला माणूस एचआरचाच असला पाहिजे असं नाही. एखादी जुनी, सगळ्यांचा विश्वास असलेली सुपरवायझर ताई हे काम उत्तम करते.

## टप्पा ६: प्रत्यक्ष दिवस

१०:०० – सुरुवात. प्लांट हेड पाच मिनिटं बोलतील आणि निघून जातील. बसून राहिले तर बाकीचे त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बोलतात. मग तीन ठराव: इथलं बाहेर नावानिशी जाणार नाही, स्वतःच्या अनुभवाचं बोलायचं, गप्प राहायचा हक्क आहे. ओळख करून घेताना गाव, आडनाव, धर्म विचारू नका. ‘इथे काम करायला लागल्यावर मला उशिरा कळलेली गोष्ट’ एवढं सांगायला लावा.

१०:३० – पत्त्यांचा खेळ. शिवसैलम त्यागराजन यांनी १९८० मध्ये ‘बार्नगा’ नावाचा एक खेळ बनवला. तो अजूनही मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. प्रत्येक टेबलाला एक्का ते सत्ती अशी चारी रंगांची अठ्ठावीस पानं आणि नियमांचा कागद द्यायचा. सराव झाला की कागद काढून घ्यायचे आणि बोलणं बंद. जिंकणारा पुढच्या टेबलावर, हरणारा मागच्या. गंमत अशी की प्रत्येक टेबलाचे नियम थोडे वेगळे असतात, कुठे एक्का मोठा तर कुठे लहान, आणि हे कुणालाच माहीत नसतं. दुसऱ्या टेबलावर गेलेला माणूस आधी चक्रावतो, मग बहुधा ठरवतो की समोरचा लबाडी करतोय.

खेळ वीस मिनिटांचा, चर्चा चाळीस मिनिटांची. चूक इथेच होते: लोक खेळ रंगवतात आणि चर्चा उरकतात. विचारायचे प्रश्न दोनच. नियम वेगळे आहेत हे तुम्हाला केव्हा कळलं? कळण्याआधी समोरच्याबद्दल मनात कोणता शब्द आला? दुसऱ्या प्रश्नानंतर घाई करू नका, लोकांना आठवू द्या.

११:४५ – पाहिलं, अर्थ लावला, मत केलं. आता तुमचे प्रसंग बाहेर काढा. एक नमुना असा.

रबाळ्याचा एक रासायनिक कारखाना. टँकर रिकामा करायचा आहे. सुपरवायझर झारखंडच्या कंत्राटी कामगाराला म्हणतो, ‘पहले वाला बंद करके फिर इसको खोलना, समझा?’ कामगार म्हणतो, ‘हां साहब.’ वीस मिनिटांनी दुसरा व्हॉल्व्ह उघडलेला, पहिला तसाच चालू, खाली सांडलेलं. इजा कुणाला नाही. सुपरवायझर म्हणतो, ‘ही माणसं ऐकतच नाहीत.’

फळ्यावर तीन रकाने करा. *पाहिलं:* वरचे शब्द, व्हॉल्व्हची स्थिती, आजूबाजूला चार जण उभे होते, पंप चालू होता. बस. *अर्थ:* कदाचित लक्ष नव्हतं. कदाचित ‘पहले वाला’ म्हणजे सुपरवायझरच्या मनात लाइनवरचा पहिला आणि कामगाराच्या मनात आधी हात लावलेला. कदाचित पंपाच्या आवाजात अर्धंच ऐकू आलं. कदाचित चौघांदेखत ‘नाही समजलं’ म्हणणं म्हणजे उद्या कंत्राटदाराने दुसरा माणूस पाठवणं. *मत:* ‘ऐकतच नाहीत.’

नियम एक: तिसरा रकाना भरण्याआधी दुसऱ्यात किमान तीन अर्थ हवेत आणि त्यातल्या एकात चूक माझी असली पाहिजे. लोकांना हे जड जातं. पहिल्या प्रसंगाला अर्धा तास लागला तरी द्या, पुढचे आपोआप लवकर होतात.

२:०० – सराव. जोड्या करून तीन हेतूंवरचं वागणं प्रत्यक्ष करून बघायचं. सूचना देणं आणि परत वदवून घेणं. न बोलणाऱ्याला बोलतं करणं. प्रत्येकाने दोनदा करायचं, कारण पहिल्यांदा सगळे नाटक करतात. भूमिका करताना दुसऱ्या समाजाचा हेल काढून बोलायला बंदी ठेवा.

३:३० – मध्ये पडणं. कुणी समोर नसलेल्याची टिंगल करत असेल तर तिसऱ्याने काय म्हणायचं? लांब भाषण कुणी देऊ शकत नाही, दोन-तीन शब्द लागतात. ‘दादा, हे नको.’ ‘तिला नावाने हाक मारा ना.’ ‘भैया, अण्णा, घाटी, चिंकी’ या हाकांबद्दल इथेच बोला. ‘आम्ही प्रेमाने म्हणतो’ हे उत्तर येणारच. तेव्हा विचारा, पगारवाढीच्या बैठकीतही याच नावाने हाक मारता का?

४:१५ – कागद. प्रत्येकाने एकच वागणं लिहायचं, ते कोण बघणार त्याचं नाव लिहायचं आणि घरी जायचं.

सावधान: ज्यांना घरी पुस्तकं होती त्यांनी एक पाऊल पुढे, ज्यांना जातीवरून त्रास झाला त्यांनी एक पाऊल मागे, असा एक व्यायाम बरेच जण घेतात. तो आपल्याकडे घेऊ नका. ज्याच्याकडे लपवण्यासारखं सर्वांत जास्त आहे त्यालाच त्यात सगळ्यांदेखत मागे उभं राहावं लागतं. पारंपरिक वेशभूषा दिन हवा असेल तर तो वेगळा करा, प्रशिक्षण म्हणून त्याची नोंद लावू नका.

## टप्पा ७: अडचणीचे क्षण आधी ठरवून ठेवा

‘महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलंच पाहिजे.’ हे वाक्य बहुतेक तुकड्यांत येतं. बोलणाऱ्याला गप्प करू नका आणि त्यावर वादविवादही रंगवू नका. आपली भाषा आपल्या शहरात ऐकू यावी, ही इच्छा रास्त आहे. प्रश्नाचे तुकडे करा: सुरक्षेच्या सूचना कोणत्या भाषांत, मीटिंग कोणत्या भाषेत, चहाच्या वेळी काय. मग एक उपाय मांडा: आठवड्यातून दोनदा अर्धा तास ‘कामाचं मराठी’, कंपनीच्या वेळेत आणि ऐच्छिक. शिकवणारे तुमचेच कर्मचारी. सक्तीने जे होत नाही ते यातून होतं, आणि शिकवणाऱ्या कामगाराचा मान वाढतो तो वेगळाच.

आरक्षणाचा वाद. ‘तो विषय या खोलीत सुटणार नाही, आपण प्रसंगावर येऊ’ असं म्हणा आणि खरोखर प्रसंगावर या.

कुणी रडलं. दहा मिनिटांची सुट्टी. त्या माणसाला पुढे बोलायचा आग्रह नको, ‘किती धाडसी’ अशा टाळ्याही नकोत.

कुणी छळाची हकिगत सांगू लागलं. तिथेच हळुवारपणे थांबवा. एकांतात समितीचं नाव, सदस्यांचे नंबर आणि मुदत सांगा. खोदून विचारणं प्रशिक्षकाचं काम नाही.

## टप्पा ८: परदेशी ग्राहकांशी बोलणाऱ्या टीमसाठी

हे सत्र वेगळं आणि दोन तासांचं. देशांचे स्वभाव शिकवत बसू नका, कामाच्या सवयी तपासा. पहिली सवय: ‘होईल’, ‘बघतो’, ‘करून टाकतो’ या शब्दांमागे तारीख आहे का? कॉल संपताना कोण, काय, केव्हा हे तीन रकाने लिहून पाठवायचे. अडचण असेल तर ती पहिल्या पाच मिनिटांत सांगायची. आपल्याकडे वाईट बातमी शेवटी सांगायची पद्धत असते, तोवर समोरचा फोन ठेवायच्या तयारीत असतो.

दुसरी, घड्याळाची. आपलं घड्याळ वर्षभर तेच राहतं, त्यांचं बदलतं. जर्मनीशी अंतर उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. न्यूयॉर्कशी साडेनऊ आणि साडेदहा. युरोपात घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यांत तिन्ही देशांचा एकत्र कॉल असेल तर कुणीतरी हमखास तासभर चुकतो. या चार तारखा टीमच्या कॅलेंडरवर आजच टाका.

## टप्पा ९: पाठपुरावा आणि मोजमाप

दिवसाच्या शेवटी भरून घेतलेल्या फॉर्मवरून जेवण कसं होतं आणि प्रशिक्षक आवडला का, एवढंच कळतं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या चार पायऱ्या प्रशिक्षणाच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहेत: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, कामावर परिणाम झाला का. बहुतेक फाइली पहिल्या पायरीवर बंद होतात. तुम्ही तिसरी गाठा.

- दोन आठवड्यांनी: कागदावर ज्याचं नाव लिहिलं होतं त्याच्याशी पाच मिनिटं बोला. वागणं एकदा तरी दिसलं का?
- सहा आठवड्यांनी: प्रशिक्षक परत येईल. एक तास, दोन नवे प्रसंग. आधी शॉप फ्लोअरवर उभं राहून दहा सूचना ऐका. किती परत वदवून घेतल्या ते मोजा.
- तीन महिन्यांनी: पहिल्या वेळी ज्यांच्याशी बोललात त्यांच्याकडेच जा आणि तेच चार प्रश्न विचारा. डब्याचं उत्तर बदललं असेल तर काहीतरी हललं आहे.

सावधान: सत्रानंतर तक्रारी वाढल्या म्हणून घाबरू नका, वरिष्ठांनाही हे आधीच सांगून ठेवा. दार कुठे आहे हे कळल्यावर लोक ते ठोठावतात. ‘शून्य तक्रारी’ हे उद्दिष्ट कुणाच्याही अप्रेझलमध्ये घालू नका, त्याने तक्रारी दाबल्या जातात.

शेवटी फाइल. बदललेले प्रसंग, तीन हेतू आणि सहा आठवड्यांची मोजणी ठेवा, पुढच्या तुकडीला लागतील. मुलाखतींच्या कच्च्या नोंदी, ज्यांत खरी नावं आहेत, त्या तिसऱ्या महिन्याची फेरी झाली की नष्ट करा, आणि ज्यांनी तुम्हाला त्या सांगितल्या त्यांना तसं कळवा.